मोठी डिझेल मोटरहोम पसरणी, केळघर घाटात: चालवलेल्यांनी लिहा

कऱ्हाडचा_धाकटा

मंडळी, आम्ही तिघा चुलतभावांनी मिळून एक वापरलेली मोटरहोम घेतली आहे. नऊ मीटरची बसची चेसी, बीएस ६ डिझेल इंजिन, पुढे इंजिन, सहा गिअर, एअर ब्रेक, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची नळी मिटवून इंजिनकडून गाडी धरणारा), मागे दुहेरी चाकं. आत झोपायची सोय, ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, टपावर एसी आणि सोलर. मधल्या भावाकडे हेवी लायसन्स आहे आणि हायवेला तो गाडी व्यवस्थित चालवतो. घाटात अजून नेलेली नाही.

दिवाळीनंतर आईवडील आणि दोन आत्यांना घेऊन वाई, पसरणी घाटाने पाचगणी, महाबळेश्वर, तिथून मेढ्याकडे केळघर घाटाने उतरून सातारा आणि जमलं तर कास असा बेत आहे. थोरल्या आत्याला प्रतापगडही बघायचाय, म्हणजे आंबेनळी घाट आला.

विचारायचं एवढंच की उतारावर कुठला गिअर, एक्झॉस्ट ब्रेक किती वापरायचा आणि निघण्याआधी काय तपासून घ्यायचं. यूट्यूब बघा असं कृपया सांगू नका. तिथे सगळे अमेरिकेतल्या डोंगरात चाळीस फुटी गाड्या चालवतात आणि त्यांना समोरून वडापची जीप येत नाही.

मिरजेचा_फिटर

गिअरचं नंतर. आधी वजन करा.

पाण्याची टाकी भरा, डिझेल फुल्ल करा, सिलेंडर, गाद्या, भांडी, किराणा सगळं चढवा, माणसंही बसवा आणि मग गाडी वजनकाट्यावर न्या. पहिल्यांदा पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. काटेवाला कुरकुर करेल, त्याला तिन्ही पावत्यांचे पैसे द्या. मोटरहोम बांधणारे सुतारकाम देखणं करतात, पण ग्रॅनाइटचा ओटा, बॅटऱ्या, जनरेटर कुठल्या ॲक्सलवर बसला याचा हिशोब फार थोडे ठेवतात. मागच्या चाकांच्याही मागे जड सामान गेलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावरच्या वळणात स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जायला बघते.

टायरची हवाही ॲक्सलच्या वजनावरून ठरते, टायर कंपनीचा तक्ता असतो. शेजारच्या बसवाल्याला विचारून हवा भरू नका. त्याची गाडी दुपारी रिकामी होते, तुमची कधीच होत नाही.

सांगलीकर_७७

आरसी बघून घ्या. वजन ७,५०० किलोच्या वर गेलं की कारच्या लायसन्सवर चालवता येत नाही. भावाकडे हेवी आहे म्हणताय ते ठीक, पण घाटात तो दमला आणि दुसऱ्याने स्टिअरिंग घेतलं तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारेल.

कऱ्हाडचा_धाकटा

काटा करून आलो. एकूण ८,६४० किलो. पुढे २,९८०, मागे ५,६६०. आरसीवरच्या वजनाच्या आत आहे, पण फार आत नाही. विकणाऱ्याने "सहा टन, जास्तीत जास्त साडेसहा" असं छातीठोक सांगितलं होतं.

फिटरभाऊ, तीनशे लिटरची पाण्याची टाकी आहे. घाट चढताना अर्धी ठेवली तर वजन कमी होईल ना?

मिरजेचा_फिटर

वजन दीडशे किलोने कमी होईल, पण टाकीत आडवे पत्रे नसतील तर ते अर्धं पाणी प्रत्येक वळणात एका बाजूला धावेल, आणि तेही नेमकं गाडी कललेली असताना. एकतर भरून ठेवा नाहीतर रिकामी करून वर पाचगणीत भरा. मी रिकामीच ठेवीन. मैल्याची टाकीही निघताना रिकामी हवी.

गणिताच्या_बाई

८,६४० किलो हा आकडा बघून राहवलं नाही. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७१८ मीटर, पाचगणी साधारण १,२९३ मीटर. म्हणजे पसरणी घाटात गाडी पावणेसहाशे मीटर खाली येते. वजन गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची केलं तर जवळपास ४९ मेगाज्यूल ऊर्जा होते. विजेच्या भाषेत साडेतेरा युनिट. दोन किलोवॉटचा गीझर पावणेसात तास अखंड चालू ठेवल्यावर जेवढी उष्णता तयार होईल, तेवढी तुमची गाडी अर्ध्या तासात उतरताना कुठेतरी सोडणार आहे. त्यातली थोडी टायरच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाते, पाचवा हिस्सा धरा. उरलेली इंजिनने खाल्ली तर सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. इंजिनला दिली नाहीत तर सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये जाणार, तिसरी जागाच नाही.

हळू उतरलं म्हणून ही एकूण ऊर्जा कमी होत नाही, हेही लक्षात घ्या. ती जास्त वेळात वाटली जाते आणि ड्रमना गार व्हायला सवड मिळते, एवढाच हळू उतरण्याचा फायदा. पण तो फार मोठा आहे.

लालपरी_आप्पा

बाईंनी आकडा मांडला, आम्हाला तो नाकाने कळायचा. ब्रेकच्या लायनरचा जळका वास एकदा ओळखीचा झाला की माणूस झोपेतही उठतो.

मी सातारा विभागात एसटीला चालक होतो, आता निवृत्त. महाबळेश्वरची ड्युटी पुष्कळ केली. बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, पण लांब आहे, बसून वाच.

जुने लोक सांगायचे, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. त्या काळच्या गाड्यांना ते बरोबर होतं. आताची टर्बो इंजिनं ताकदवान आहेत, चौथ्यातही चढ काढतात. त्या चौथ्यात तू उतरलास तर गाडी पळायला लागेल. म्हणून आताच्या गाडीला चढलेल्या गिअरच्या एक खालचा धरायचा. पसरणीला तुझ्या वजनाला तिसरा, आणि कोपऱ्यावरच्या वळणांना दुसरा. पण हे मी आधी सांगतोय म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. खरी परीक्षा अशी: गिअर लावला, एक्झॉस्ट ब्रेक चालू केला, पाय दोन्ही पेडलवरनं काढला. सरळ उतारावर गाडी आपोआप एका वेगाला येऊन टिकली तर गिअर बरोबर. वेग वाढतच राहिला तर गिअर मोठा आहे.

आणि गिअर उताराच्या आधी लावायचा. उतार लागला, वेग वाढला, आता खालचा टाकू म्हणून क्लच दाबला आणि गिअर बसला नाही, तर गाडी न्यूट्रलला आहे, वेग आणखी वाढतोय आणि आता कुठलाच गिअर बसत नाही. ब्रेक फेल झाला असं पेपरात छापून येतं त्यातले कितीतरी प्रकार इथनं सुरू झालेले असतात. पाचगणीची वस्ती संपायच्या आत, रस्ता अजून सपाट असताना, तिसऱ्यात ये आणि तिथनंच तसा निघ.

एक्झॉस्ट ब्रेकचं म्हणशील तर पूर्ण उतारभर चालू ठेवायचा. इंजिनचे फेरे जास्त असतील तर तो जास्त धरतो, म्हणून खालच्या गिअरात त्याची खरी ताकद. पाचव्यात टाकून "माझा एक्झॉस्ट ब्रेक कामच करत नाही" म्हणणारे खूप पाहिलेत. क्लच दाबला की तो सुटतो, ॲक्सिलरेटरला पाय लागला की सुटतो. वळणात क्लचवर पाय ठेवून बसायची सवय असेल तर ती आधी मोड. फेऱ्यांचा काटा मात्र लाल पट्ट्यात जाऊ द्यायचा नाही. तिकडे चालला की ब्रेक मारून खाली आणायचा.

ब्रेक मारायचा तो असा. वेग तीसच्या वर चालला की दमात दाब, वीस-बावीसवर आण, आणि पूर्ण सोड. परत तीस होईस्तोवर पाय लावू नको. नुसता पाय टेकवून घाटभर ब्रेक ओढत राहिलास तर ड्रमला गार व्हायला फुरसतच नाही. आणि उगाच पंप मारल्यासारखं टकाटका दाबत बसलास तर हवा संपते. एअर ब्रेकला हवा म्हणजे सगळं. एक डोळा काट्यावर ठेव. हवा कमी झाल्याचा बझर वाजला तर पुढच्या वळणापर्यंत जाऊ म्हणायचं नाही, तिथंच बाजूला.

मागनं हॉर्न मारणाऱ्याची लाज वाटून घेऊ नको. जागा दिसली की डावीकडे घे, पाच-सहा गाड्या जाऊ दे, परत निघ.

सुसाट_११

आप्पा, तुमच्या अनुभवाला सलाम, पण एवढं काय घाबरवताय पोराला. आमच्याकडचे ट्रकवाले उतारावर न्यूट्रल मारून सर्रास जातात. लिटरभर डिझेल वाचतं. गाडी कंट्रोलमध्ये असली म्हणजे झालं.

लालपरी_आप्पा

कंट्रोल कशाचा? पेडलचा? ते पेडल गार आहे तोवर तुझं आहे.

मिरजेचा_फिटर

सुसाट, डिझेलचंच बोलू, म्हणजे भांडण लवकर मिटेल. आताच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरात असेल आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल तर इंजेक्टर बंद होतात. चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल शून्य. न्यूट्रल केलं की इंजिन बंद पडू नये म्हणून कॉम्प्युटर परत डिझेल सोडायला लागतो. म्हणजे उतारावर न्यूट्रल मारून तुम्ही डिझेल जाळताय. जुन्या पंपाच्या गाड्यांतही गव्हर्नर उतारावर डिझेल तोडायचाच.

आणि किल्ली बंद करून उतरणारे महाभाग आहेत त्यांच्यासाठी: इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, एक्झॉस्ट ब्रेक बंद. टाकीत उरलेल्या हवेवर किती वळणं निघतील ते मोजत बसा.

पेट्रोल कार चालवणाऱ्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. पेट्रोल इंजिनला हवेच्या वाटेवर झडप असते, पाय काढला की ती मिटते आणि इंजिन गाडीला धरतं. डिझेलला तशी झडप वेग धरायला नसते, हवा मोकळी आत येते, म्हणून नुसत्या डिझेल इंजिनची पकड वजनाच्या मानाने कमी पडते. एक्झॉस्ट ब्रेक तीच उणीव भरून काढतो, धुराच्या नळीत झडप मिटवून. तो बिघडलेला असेल तर तुमच्या गाडीने घाटात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत. बंद पडून असलेल्या गाड्यांत ती झडप काजळीने चिकटते. सपाटीला तिसऱ्यात, दोन हजार फेऱ्यांवर पाय काढा आणि स्विच दाबा. गाडी धरल्यासारखी वाटली पाहिजे आणि सायलेन्सरचा आवाज बदलला पाहिजे.

सुसाट_११

इंजेक्टर बंद होतात हे नवीन कळलं. बाकी चर्चा चालू द्या.

विटेकर_कोइमतूरचा

आमचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, मुक्काम कोइमतूर, गाव खानापूर तालुक्यात. मसिनगुडीहून उटीला जाणारा कल्हट्टी घाट बघितलाय का कोणी? ३६ हेअरपिन वळणं, आणि चढ इतका की गाडी पहिल्यातच रडते. तिथे उतरताना खालचा गिअर वापरा असे फलक जागोजागी आहेत, तरी मैदानी मुलखातल्या गाड्या ब्रेकवर उतरायच्या आणि खाली येऊन चाकातून धूर काढत उभ्या राहायच्या. त्या मानाने पसरणी सौम्य आहे, पण सौम्य घाटातच माणूस ढिला पडतो.

आप्पांना विचारायचंय, पावसात एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा का?

लालपरी_आप्पा

चांगलं विचारलंस. एक्झॉस्ट ब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. रस्ता ओला, वर शेवाळ किंवा डिझेल सांडलेलं आणि गाडी मागे हलकी असेल तर कोपऱ्यात मागचा भाग सरकतो. तसल्या जागी वळणाच्या आधी वेग उतरवून घ्यायचा, वळणापुरता स्विच बंद, सरळ झालं की चालू. यांची गाडी मागे साडेपाच टनाच्या वर आहे, त्यामुळे तेवढी भीती नाही, पण पहिल्या पावसात मी तरी मोठी गाडी काढणार नाही. धूळ आणि ऑइल मिळून रस्त्यावर जो चिखल होतो तो चार मोठ्या सरी पडल्याशिवाय धुऊन जात नाही.

कऱ्हाडचा_धाकटा

आप्पा, छापून डॅशबोर्डला लावणार आहे. फिटरभाऊ, ब्रेकचं काय तपासून घेऊ? गॅरेजवाला म्हणतो "लायनर भरपूर आहेत, बिनधास्त जा".

मिरजेचा_फिटर

लायनर भरपूर असणं ही अर्धीच गोष्ट आहे. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर नीट राखणारे भाग, बघितले का विचारा.

गाडी सपाटीला, चाकांना ठोकळे, हवा पूर्ण भरलेली, हँडब्रेक सोडलेला. एकाने खाली जाऊन ब्रेक चेंबरमधून बाहेर येणाऱ्या दांडीवर खडूने खूण करायची, दुसऱ्याने ब्रेक दाबून धरायचा. दांडी किती बाहेर आली ते पट्टीने मोजायचं. चारही चाकांवर मोजा आणि लिहून काढा. मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या आत हवीच, शिवाय एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत फरक नको. ही पट्टीची कटकट कशासाठी, तर ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि दांडीला आणखी बाहेर यावं लागतं. गॅरेजच्या दारात थंड असताना जेमतेम पुरणारी दांडी घाटाच्या मध्यावर चेंबरच्या टोकाला टेकते. पाय पूर्ण दाबलेला, हवा पूर्ण आहे, आणि त्या चाकाला ब्रेक नाही. ऑटो ॲडजस्टर असले तरी मोजा, तेही अडकतात.

दुसरं, हवेची गळती. पूर्ण हवा भरा, इंजिन बंद करा, ब्रेक दाबून मिनिटभर धरा. काटा डोळ्यादेखत उतरत असेल तर साबणाचं पाणी घेऊन सांधे शोधा. हवेच्या टाक्यांचं पाणी रोज सकाळी काढा. खालची कडी ओढली की आधी पाणी, मग फुस्स करून कोरडी हवा येते. पाण्यासोबत ऑइल येत असेल तर कॉम्प्रेसर दाखवा. एअर ड्रायरचं कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं ते विकणाऱ्याला माहीत नसेलच, त्यामुळे बदलूनच टाका.

तिसरी गोष्ट माझी आवडती. लांबून तापमान बघायची बंदूक मिळते, फार महाग नाही. वाईत उतरल्यावर सपाट जागी थांबा आणि प्रत्येक ड्रमवर रोखा. सगळे जण सगळ्यात तापलेलं चाक शोधतात. तुम्ही सगळ्यात गार चाक शोधा. तीन चाकं दीडशेच्या आसपास आणि एक साठ-सत्तरवर असेल, तर त्या गार चाकाने काही काम केलेलं नाही, त्याचा वाटा बाकीच्या तिघांनी उचललाय. एकच चाक फार तापलं असेल तर ते अडकतंय. दोन्ही दुखणी सपाटीला कळत नाहीत.

तापलेल्या ड्रमवर पाणी मारू नका, तडे जातात. हँडब्रेकही लगेच ओढून ठेवू नका. गिअरात ठेवा, ठोकळे लावा, चहा घ्या.

गणिताच्या_बाई

हायड्रॉलिक ब्रेकवाल्या छोट्या कॅम्परसाठी एक भर घालते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ नवं असताना साधारण २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरल्यावर मर्यादा १४० वर येते. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पेडल थेट खाली. महाबळेश्वरच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी दर दोन वर्षांनी ते बदलावं.

कऱ्हाडचा_धाकटा

आणि चढताना? आमचा टेम्परेचर काटा उंब्रजच्या पुलाच्या चढालाही थोडा वर जातो.

मिरजेचा_फिटर

पुलाच्या चढाला काटा हलत असेल तर पसरणीच्या आधी रेडिएटर उघडावाच लागेल. पुढच्या केबिनला एसी असेल तर त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, दोघांच्या मधे उसाचा पाचोळा, किडे, चिखल साचून घट्ट थर बसतो आणि तो बाहेरून दिसत नाही. खोलून, आतून बाहेरच्या दिशेने कमी दाबाच्या पाण्याने धुवायचा. जास्त दाबाने फिन्स वाकतात. फॅनबेल्ट, फॅनचं कपलिंग, कूलंटची पातळी बघा. नुसतं नळाचं पाणी भरलेलं असेल तर काढून कंपनीचं कूलंट घाला.

चढावर वरच्या गिअरात इंजिनला रडवू नका. खालचा गिअर टाका, फेरे वाढले की वॉटर पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात. काटा चढायला लागला तर आधी इंजिनवर चालणारा एसी बंद. तरी थांबला नाही तर जागा बघून उभे राहा, इंजिन लगेच बंद करू नका, न्यूट्रलला थोडे फेरे ठेवून चालू द्या. रेडिएटरच्या झाकणाला गरम असताना हात लावायचा नाही. वर पोहोचल्यावर दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलला ठेवा, टर्बोतलं ऑइल तेवढ्यात थंड होतं.

मोटरहोमचं आणखी एक दुखणं म्हणजे ती महिनोन्महिने उभी असते. अर्ध्या टाकीत ओलावा जमून डिझेलमध्ये पाणी होतं. उभी करताना टाकी फुल्ल ठेवा आणि निघायच्या आधी फिल्टरच्या खालचा नळ सोडून पाणी काढा. घाटात डिझेल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका, उभ्या चढावर टाकी कलली की पाइप हवा ओढतो. हवा धरलीच तर फिल्टरवरचा हातपंप मारून काढा, फक्त कमी दाबाच्या बाजूची. इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या चालू इंजिनला ढिल्या करायच्या जुन्या सवयी सोडा. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडी फाडून आत जाते.

सांगलीकर_७७

टायरची तारीख बघा. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. नक्षी नवी कोरी आणि कडेला बारीक भेगा. सहा-सात वर्षांच्या वरचे असतील तर घाटात नको. दुहेरी चाकातल्या आतल्या टायरची हवा कोणीच बघत नाही, आणि दोघांच्या मधे अडकलेला दगडही.

वाईची_लेक

पुरुष मंडळींनी गाडी सगळी खोलून झाली, आता रस्त्याचं बोलूया का? माझं माहेर वाई, सासर पाचगणी. हा घाट मी स्वतः कारने आणि भावाच्या टेम्पोने आठवड्याला चढते-उतरते.

शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी पूर्ण टाळा. घाटाची भीती नाही, भीती गर्दीची. सेल्फीसाठी कोपऱ्यावर लावलेल्या गाड्या, मधेच थांबणारे, माकडांना खाऊ घालणारे. मंगळवारी-बुधवारी सकाळी सातच्या आत वाई सोडा. चढताना वळणावर समोरून येणाऱ्याने थांबायचं असतं, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा कायद्याचा नियम आहे. पण तो माहीत असलेला पर्यटक मला अजून भेटायचाय, त्यामुळे हॉर्न देऊन, सावकाश.

नऊ मीटरच्या गाडीची मागची शेपूट चाकांच्या खूप मागे असते. डावीकडे वळताना ती उजवीकडे बाहेर फेकली जाते. कोणी शेजारून घुसलेलं असेल तर त्याला घासते. आणि कोपऱ्यात रस्ता एकदम उचलला जातो तिथे मागचं तळ टेकतं, सांडपाण्याचा पाइप तिथेच तुटतो. तो वर बांधून घ्या. निघताना सिलेंडरचा कॉक बंद, फ्रिजला कडी, ओट्यावरचं सगळं खाली. पहिल्या डाव्या वळणाला कुकर आत्याच्या पायावर यायला नको.

आंबेनळीला ही गाडी नेऊ नका. अरुंद, लांब, आणि समोर एसटी आली तर तुम्हीच मागे घ्यायचं. महाबळेश्वरला गाडी लावा, जीप करा, प्रतापगड बघून या. केळघरही मला पटत नाही. पसरणीनेच उतरा.

लालपरी_आप्पा

ताई, आंबेनळीला तुमच्याशी शंभर टक्के सहमत. केळघरला नाही. दरडीचा मोसम गेला, दिवसाउजेडी, गर्दी कमी. मोठी गाडी तिथनं रोज जाते. पहिल्यांदा चालवणाऱ्याला उलट निवांत मिळेल.

वाईची_लेक

आप्पा, मोठी गाडी रोज जाते ती तुमच्यासारख्याच्या हातात. हा पहिल्यांदा घाटात उतरतोय. ज्या घाटाने चढला तोच उतरला तर निदान वळणं ओळखीची असतील.

लालपरी_आप्पा

हे मात्र बरोबर बोललात. बाळा, पसरणीनेच उतर. केळघर पुढच्या वेळी.

विटेकर_कोइमतूरचा

आणि ब्रेक गेलेच तर? अशुभ बोलतोय, पण विचारून ठेवलेलं बरं.

लालपरी_आप्पा

किल्ली बंद करायची नाही, न्यूट्रल करायचं नाही. गिअर आहे तो सोडायचा नाही, खालचा बसत असेल तरच बघायचं. लाइट, हॉर्न चालू. हँडब्रेक ओढायचा, चाकं अडकली आणि गाडी आडवी व्हायला लागली तर सोडून परत ओढायचा. आणि दरीपासून लांब, डोंगराच्या अंगाला, गटारीत चाक घालून डोंगराला घासत न्यायची. पत्रा जाईल, जाऊ दे. हा निर्णय पहिल्या पन्नास मीटरात घ्यायचा, कारण पुढच्या वळणापर्यंत वेग दुप्पट होतो.

सातारी_भटक्या

कासचं राहिलं. दिवाळीनंतर फुलं संपलेली असतात, पण तलाव आणि थंडी मस्त. यवतेश्वरच्या चढाला वर लिहिलेलं सगळं लागू. एक जास्तीचं: बीएस ६ डिझेलच्या फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी अधूनमधून स्वतःच सायलेन्सर तापवते, सहाशे अंशांच्या आसपास. पठारावर तेव्हा गवत वाळून कोळ झालेलं असतं. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागलेला असताना गवतात गाडी उभी करू नका. डांबरावर किंवा मुरमावरच लावा. पठारावर गाडी घालणं तसंही गुन्हा आहे असं समजा.

सांगलीकर_७७

रात्री कऱ्हाड-विटा रस्त्याने परत येऊ नका. गळीत हंगाम सुरू झालेला असेल. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. घाट सुखरूप उतरून सपाटीला आपटलेल्या गाड्या आहेत.

कऱ्हाडचा_धाकटा

सगळ्यांचे आभार. स्लॅक ॲडजस्टर मोजले, मागच्या डाव्याची दांडी उजव्यापेक्षा बरीच जास्त बाहेर येत होती. ॲडजस्टर जाम निघाला, बदलायला टाकलाय. रेडिएटर उद्या उघडतोय. आत्यांना जीपचं सांगितलं. थोरली रुसली आहे.

पुणेरी_स्टेपनी

धागा उशिरा वाचला. आम्ही पुण्याहून साधारण एवढीच गाडी घेऊन येणार आहोत. खंबाटकीला काही विशेष?

लालपरी_आप्पा

येताना जुन्या घाटाने चढायचं आहे, एकेरी वाहतूक, समोरनं कोणी नाही. कंटेनर रांगत असतात, त्यांच्या मागे तिसऱ्यात निवांत राहा. माथा ओलांडला की वेळे गावाच्या बाजूला उतार आहे, तिथं ओव्हरटेकच्या नादात वेग वाढू देऊ नका. जाताना जुन्या बोगद्याने गेलात तर बोगद्यातच वेग कमी करून गिअर खालचा घ्या, कारण बाहेर पडल्या पडल्या उतार आणि त्यातच एस वळण आहे. हायवेच्या वेगात आलेली उंच गाडी तिथं कलते. डावी लेन धरा.